तुरैफच्या खड्ड्यांतले दात

तुरैफला आम्ही नवऱ्याच्या जुन्या सहकाऱ्याकडे गेलो होतो. रियाधच्या ऑफिसात दोघं बरीच वर्षं शेजारी बसायचे. मग तो सौदी गृहस्थ नोकरी सोडून आपल्या गावी, पार उत्तरेला, राहायला गेला. "हिवाळ्यात या, माझ्या वडिलांचे खड्डे दाखवतो," असं फोनवर दरवेळी म्हणायचा. आम्ही हसायचो. खड्डे कसले बघायचे?

यंदा मुलीच्या शाळेला सुट्टी लागल्यावर निघालो. वाटेत हफ्र अल बातिनला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो तेव्हा बोटं वळत नव्हती इतका गारठा.

सकाळी त्याने आम्हाला गावाबाहेर नेलं. सपाट, दगडगोट्यांचं माळरान, आणि त्यात दूरवर एका रेषेत गेलेले खड्डे, प्रत्येकाच्या काठाला पांढुरक्या मातीचा ढिगारा. काही खड्डे वाळूने भरून नुसते बशीसारखे उरलेले. काहींत पावसाचं पाणी मुरून बोटभर गवत आलं होतं. फार पूर्वी इथे खताचा दगड शोधायला माणसं आली होती. फॉस्फेट किती खोल आहे, कसं आहे, हे बघायला त्यांनी हातांनी खणलं. खरी खाण पुढे दुसरीकडे झाली. हे खड्डे तसेच राहिले.

"यातले किती स्वतः खणले ते माझे वडील सांगायचे नाहीत," तो म्हणाला. "पण इथून जाताना गाडी हळू करायला लावायचे."

मग त्याने खाली वाकून काहीतरी उचललं आणि मुलीच्या तळहातावर ठेवलं. तपकिरी, चकचकीत, टोकदार. मुशीचा, म्हणजे शार्कचा, दात! माझं माहेर अलिबागकडचं, मुशी मी बाजारात ढिगाने पाहिलेली. पण वाळवंटात? इथे कधीकाळी समुद्र होता, तो म्हणाला, आणि या दगडात असे दात सापडतात.

"बघा, हातात घ्या, फोटो काढा. फक्त इथून काही नेऊ नका. लोकांनी उकरून उकरून कितीतरी खड्डे मोडून टाकले."

मुलीने दात होता तिथे परत ठेवला. नंतर ती तासभर शोधत होती. सापडला की ओरडायची, फोटो काढायची, ठेवायची. नवरा पलीकडच्या खड्ड्यात उतरला होता. मी थर्मासमधला चहा पीत गाडीत बसले. माझी पर्स मागच्या सीटवर होती.

दुपारी त्यांच्या घरी जेवलो. त्याच्या बायकोने इतकं केलं होतं की ताट रिकामं होऊच देईना. निघताना सगळे अंगणात आलो. तिच्यासाठी बांगड्या आणल्या होत्या, त्या काढायला मी पर्समध्ये हात घातला. डब्याबरोबर एक रुमाल बाहेर आला, फरशीवर पडून उलगडला आणि आठ-दहा दात खडखडत पसरले.

मग नवरा हसला.

"हिने टाकले असणार," तो मुलीकडे बोट करून इंग्रजीत म्हणाला. "लहान मुलं, काय करणार!"

"पप्पा, आय डिडन्ट!" तिचा चेहरा लालबुंद झाला. "मम्मा, आय डिडन्ट!"

क्षणभर मला वाटलं, हिने आता गप्प बसावं. गप्प बसली तर सगळं मिटेल, हसत हसत गाडीत बसता येईल. असं वाटलं म्हणूनच की काय, मी नवऱ्याकडे वळले आणि माझ्या तोंडून निघालं, "रुमाल तुझा आहे."

मी मराठीत बोलले होते. पण ते सगळ्यांना कळलं.

नवऱ्याने मान खाली घातली. "सॉरी," तो म्हणाला. "मीच घेतले."

आमचा यजमान तोवर उकिडवा बसून दात वेचत होता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने रुमालाची नीट पुरचुंडी बांधली, नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "चला, ठेवून येऊ. यल्ला, उजेड आहे तोवर."

आम्ही सगळेच गेलो. ते दोघं खड्ड्यात उतरले. आम्ही बायका आणि मुलगी गाडीत थांबलो. यजमानाच्या बायकोने बांगड्यांचा डबा उघडला आणि एक बांगडी चढवायला लागली. बांगडी सांध्यावर अडली. मी तिचा हात हातात घेतला, अंगठा आत दाबून बांगडी हळूच सरकवली. तिने दुसरा हात पुढे केला. मी तिच्याकडे मान वर करून बघू शकले नाही.

बाहेर वाऱ्यात माझा नवरा गुडघे टेकून मातीत एकेक दात ठेवत होता. यजमान शेजारी उभा होता, मदत न करता.

परतीच्या रस्त्यावर मुलगी माझ्या मागच्या सीटवर सरकून बसली, बापापासून लांब. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मम्मा, व्हाय डिड ही से मी?"

तो गाडी चालवत होता. त्याने ऐकलं. मी त्याच्या उत्तराची वाट पाहिली, आणि त्याने, बहुतेक, माझ्या. शेवटी पेट्रोल पंपावर त्याने गाडी थांबवली, मागचं दार उघडून तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "मी घाबरलो होतो. ते चुकलं माझं."

"ओके," ती म्हणाली. ती त्याच्याकडे वळली नाही.

ईदला तुरैफहून मेसेज आला, पुन्हा या म्हणून. नवऱ्याने उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग फोन माझ्याकडे दिला. मी शुभेच्छा लिहिल्या. 'येतो' असं लिहायचं माझं धाडस झालं नाही.