कल्ल्यात घातलेली बोटं

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानात मासेवाल्याने कल्ल्यात बोटं घालून रोहू उचलला आणि मला टेक्ससमधली ती नदी आठवली.

२००५ साल असेल. मी भोयाचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर, मत्स्यशास्त्र शिकायला आलेला. बोटीवर माझी सीनिअर होती, पुण्याची वैशालीताई. तिने जन्मात मासा खाल्ला नव्हता. जाळ्यात ॲलिगेटर गार मासा आला, सुसरीच्या तोंडाचा, माझ्याहून लांब. अभ्यासासाठी त्याला टॅग लावून सोडायचं होतं.

"ताई, बाजूला हो. हे आमचं घरचं काम आहे," म्हणत मी त्याच्या कल्ल्यात हात घातला. आमच्याकडे मासा असाच उचलतात. त्याच्या फाटलेल्या कल्ल्यातलं रक्त माझ्या बोटांवरून ओघळलं.

"अरे, हा विकायचा नाहीये, सोडायचाय," ती हळूच म्हणाली. "तुझ्या बाबांच्या वयाचा असेल."

मी बोटं बाहेर काढली. मग तिने दाखवलं तसं आम्ही दोघांनी पोटाखाली हात घालून त्याला पाण्यात धरलं. बराच वेळ तो कलंडलेलाच राहिला, नंतर सावकाश खाली गेला. जगला का, ते मला आजही माहीत नाही.

"घ्या," मासेवाल्याने रोहू पुढे केला. मी दोन्ही हात त्याच्या पोटाखाली धरले.

"अहो, मेलाय तो," तो हसत म्हणाला.