आजोबांच्या पोटात शिरलेली हवा

माझ्या नोकरीचं ते दुसरं वर्ष. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात मी नर्स होते. आमच्या वॉर्डात शिरोळकडचे एक आजोबा दम्यासाठी दाखल झाले होते. उसात आयुष्य गेलेलं. बोलले की तीन खाटांपलीकडं ऐकू जायचं.

एका दुपारी त्यांना जोराचा झटका आला आणि श्वासच थांबला. मी तोंडावर मास्क धरून अंबू बॅगनं, म्हणजे हातानं दाबायच्या रबरी पिशवीनं, हवा देऊ लागले. घाबरले होते. भराभर, ताकद लावून दाबत राहिले. छाती आवळलेली, हवेला फुप्फुसाची वाट मिळेना, ती पोटात शिरली. डॉक्टरांनी येऊन घशात नळी घातली तेव्हा श्वास सुरळीत झाला, पण पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. एक्स-रे बघून सर्जन म्हणाले, "जठर फाटलंय. पुस्तकात वाचलं होतं, बघतोय पहिल्यांदाच."

तातडीनं ऑपरेशन झालं. आजोबा वाचले.

मला कुणीच काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. नळी निघाल्यावर मीच खाटेजवळ गेले. "आजोबा, हे माझ्या हातनं झालं. जोरात दाबलं मी."

ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "म्हंजे फुगा केलीस व्हय माझा?" हसायला गेले आणि टाके दुखून कळवळले. "अगं, वारा भरलीस म्हणून तर हाय की मी. रडतीस कशाला?"

पुढं दर वर्षी तपासणीला आले की काकवीची बाटली घेऊन वॉर्डात यायचे. नव्या मुलींना सांगायचे, "हिच्याकडनं शिका. पण हळू दाबा!" जाताना म्हणायचे, "एकदा घरला ये की." मी "येते" म्हणायचे. ड्युटी, मुलांची शाळा, राहूनच गेलं.

गेल्या थंडीत त्यांचा मुलगा एकटाच आला. "आबा गेलं," म्हणाला. "लई वाट बघितली तुमची."

त्या रविवारी मी शिरोळची एसटी पकडली. घरी आजीनं गरम भाकरी वाढली, समोर बसून आग्रह केला. आजोबा कुठं बसायचे, काय बोलायचे, किती विचारायचं होतं. मी नुसते भाकरीचे तुकडे करत राहिले. आजी म्हणाली, "जेव बाई, सावकाश जेव."