बेलापूरच्या लग्नात धरलेला सूर

पुण्याहून एसटीत बसलो तेव्हा माझ्याजवळ टेपरेकॉर्डर, चार कोऱ्या कॅसेटी आणि मार्गदर्शक बाईंवरचा राग एवढं सामान होतं. लग्नांत क्लॅरिनेट फुंकून मी स्वतःचा बँड उभा केला, चाळिशीत सनईवादनात पीएच.डी.ला नाव घातलं, आणि बाई म्हणतात, "बेलापूरच्या रंगनाथ तात्यांच्या सनईवरची पाठवणी टेप करून आणा. तोवर तुमच्या मैफलीला तारीख नाही." मैफल नाही तर पदवी नाही. वीस वर्षं नवऱ्या मुली मीच वाजवत सासरी धाडल्या, आणि पाठवणी दुसऱ्याकडून आणायची.

श्रीरामपूरच्या स्टँडवर टेम्पोवाल्याशी भांडून पुढची सीट मिळवली. बसल्यावर कळलं, तिथे पायाशी डालगं (कोंबड्यांची टोपली) होतं. दोन्हीकडे ऊस, मधून पाटाचं पाणी, आणि माझ्या घोट्याला टोचा.

तात्या ओट्यावर सनईत फुंकायची पाती तासत होते. सत्तरीचे असतील. चहा झाल्यावर मी काम सांगितलं.

"पाठवनी? कुनाची लेक चाललीय?"

"कुणाची नाही. टेप करायचीय."

"मग न्हाई जमायचं. नवरी न्हाई आन् पाठवनी वाजवली, तर घरच्या लेकी माघारी येत्यात."

सौदे करण्यात माझी हयात गेली. अर्धीच वाजवा म्हटलं, नुसती गुणगुणा म्हटलं, शेवटी आवाज चढला. तेव्हा आतून तात्यांच्या पत्नी बोलल्या, "वरडू नका, पावनं. तिगी लेकी सुखानं नांदत्यात माझ्या. तुमच्या परीक्षेपायी कोनती माघारी आनू, सांगा."

तोड तात्यांनीच काढली. "उद्या गावात लगीन हाय. सूर धरनाऱ्या भाच्याला कावीळ झालीय. तुमी बसा त्याच्या जागी. पाठवनी व्हईल तवा घ्या भरून."

सूर धरणं म्हणजे जोडीच्या सनईवर दिवसभर एकच स्वर फुंकत राहणं. श्वास नाकाने घ्यायचा, गालांतली हवा सोडत राहायची, स्वर तुटू द्यायचा नाही. मी म्हटलं, "मधे एखादी धून मी वाजवीन."

"येक बी न्हाई."

"निदान मंगलाष्टकांनंतर?"

"सूर धरायचा, मास्तर."

दुसऱ्या दिवशी हळदीपासून बसलो. दुपारपर्यंत गाल माझे राहिले नव्हते. समोर एक म्हातारी बराच वेळ निरखत होती. शेजारणीला म्हणाली, "ह्यो वाजवतोय का गिळतोय गं?" पंगतीत बुंदी आणि शाक (वांगी-बटाट्याचा रस्सा) होतं. दुसऱ्यांदा बुंदी घ्यायला गेलो तर तात्यांनी माझ्या पत्रावळीवर हात आडवा धरला. "फुंक जड व्हईल."

उन्हं कलली, जीप दाराशी लागली, मी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि तात्यांनी पाठवणी धरली. मी वाजवायचो तशी ती नव्हती. ते प्रत्येक ओळ अर्ध्यावर सोडत होते. त्या मोकळ्या जागेत नवरीचं रडणं येई, आणि त्याखाली फक्त माझा सूर. इतकी वर्षं मी ही जागा ताना मारून बुजवत आलो होतो, कारण पुढच्या लग्नाची सुपारी गाठायची असे. नवरीकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

ती तात्यांच्या पाया पडली, मग माझ्या. माझा सूर तुटला. तात्यांचं कोपर बरगडीत बसलं, तेव्हा परत धरला.

पुण्याला बाईंनी डोळे मिटून कॅसेट ऐकली. "अप्रतिम. पण सूर धरणारा कोण? ऐन जागी तुटला."

"आहे एक. नवीन आहे."

"कच्चा आहे. अजून शिकायला हवं त्याला."

एरवी मी टेबलावर मूठ आपटली असती. बाईंनी डायरी उघडून पुढच्या महिन्याची तारीख दिली. मी घासाघीस केली, पण उलटी. दोन महिने पुढची मागितली. बेलापुरात अजून सात लग्नं होती, आणि तात्यांच्या भाच्याची कावीळ उतरायला वेळ लागणार होता.