बुकित बातोकचा पडदा

आमच्या हॉलच्या खिडकीला निळ्या फुलांचा एक साधा पडदा आहे. बुडापेस्ट, व्हिएन्ना आणि प्राग पाहून आलेला पडदा सिंगापूरच्या आमच्या अख्ख्या बुकित बातोक वस्तीत हा एकच असावा. त्याला बॅगेत भरणारा माझा नवरा. मी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

सिंगापूरला येऊन आम्हाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. त्याचं ऑफिस हार्बरफ्रंटला, माझं त्याच्या उलट टोकाला, आणि दोघांची वर्षभराची रजा मात्र पुण्याला वाहिलेली. लग्न, मुंज, वास्तुशांत, साठीशांत. आम्हाला मूल नाही, त्यामुळे शाळेची सबब नाही. "तुम्हाला काय, बॅग उचलली की निघालात," असं लोक सहज म्हणत, आणि आम्ही खरंच बॅग उचलून निघत असू.

२०१७ च्या जूनमध्ये नणंदेचं डोहाळजेवण ठरलं, तिच्या माहेरी, म्हणजे सासूबाईंकडे. मेसेज आला, "वहिनी, येताना ऑर्किड्स आण, झोपाळा सजवायचाय." वाचून माझं डोकंच फिरलं. नणंद भली आहे, तिचा काही दोष नाही. पण त्याच घरात दोन वर्षांपूर्वी धाकट्या जावेचं डोहाळजेवण झालं, तेव्हाही ऑर्किड्स मीच नेली होती. ओटी भरायला बायका एकेक करून उठल्या, तशी मीही उठले. माझ्या हातात नारळ-तांदळाचं ताट. नवऱ्याच्या मोठ्या आत्यांनी ते अलगद काढून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "तू जरा आत बघ गं, भजी करपतील."

आत गेले तर भजी मुळीच करपत नव्हती. सासूबाई कढईपुढे उभ्या होत्या. सासरे जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि झारा पुढे केला. मी तळत राहिले. बाहेर गाणी चालली होती. त्या दिवशी मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, याचा मला अजून राग येतो.

या वेळी मी घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडपात, कोपीचा, इथल्या कॉफीचा, कप पुढ्यात असताना, नवऱ्याला सांगून टाकलं, "मी पुण्याला येणार नाही. त्या रजेत आपण युरोपला जाऊ. तिथे आगगाडीने फिरू, गावं बघत. तू आलास तर तुझ्याबरोबर, नाहीतर एकटी."

तो बराच वेळ कपात चमचा फिरवत बसला. त्याला ताटाचं सगळं ठाऊक होतं, मी त्याच रात्री सांगितलं होतं. "येतो," तो म्हणाला. "पण घरी खरं सांगितलं तर महाभारत होईल. रजा मंजूर झाली नाही असं सांगू."

मला ते पटलं नाही, पण तो येतोय म्हणून मी तेवढं गिळलं. मग त्याने पडदा काढला. आई दिवेलागणीनंतर व्हिडिओ कॉल करते, तेव्हा मागे घर दिसायला हवं ना.

झालं. पुण्यात दिवेलागण होई तेव्हा सिंगापुरात जेवणं आटोपलेली असत आणि युरोपात भर दुपार. बुडापेस्टला डॅन्यूबच्या काठावरून आम्ही धापा टाकत हॉटेलवर पळालो, कारण फोनची वेळ झाली होती. व्हिएन्नाला त्याने खोलीच्या खिडक्या झाकून दिवा लावला, कपाटाच्या दारावर पडदा टांगला, अंगातलं जॅकेट काढलं आणि आईला म्हणाला, "हो ना, इकडे फार उकडतंय." प्रागच्या जुन्या पुलावर मी एका दगडी पुतळ्यापाशी उभी राहिले, तर हा घड्याळ बघतोय. फोटो काढायचा तर कुठे टाकायचा नाही, ही ताकीद. हजारो मैलांवरूनही मला कुणीतरी आतच बसवलं आहे, असं मला त्या पुलावर वाटलं आणि मी संतापले.

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी आम्ही प्रागहून ड्रेस्डेनच्या गाडीत होतो. डब्यात आम्ही दोघंच. खिडकीला लागून नदी चालली होती आणि पलीकडे उंच कडे. फोन रोजच्यापेक्षा लवकर वाजला. नवरा ताडकन उठला, बॅगेतून पडदा ओढला आणि गाडीच्या संडासाकडे निघाला. तिथल्या खुंटीला तो पडदा लावणार होता.

"बस खाली," मी म्हटलं आणि त्याच्या हातातून फोन घेतला.

"आई, आम्ही सिंगापूरला नाही. युरोपात आहोत, आगगाडीत. रजा मिळाली होती. मीच येणार नाही म्हटलं."

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांच्या मागे उद्याची पातेली रचलेली दिसत होती. "का गं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या हातातलं ताट काढून घेतलं होतं. उद्याही काढून घेतलं असतं आणि मी पुन्हा गुपचूप आत गेले असते. मला नाही जायचं आत. आता कधीच नाही."

मी फोन खाली ठेवला नाही. नवरा दारात उभा, पडदा खांद्यावर. मला वाटलं, आता हा सारवासारव करणार. तो आला, माझ्या शेजारी बसला आणि फोनमध्ये दिसेल असा सरकला. "रजेचं खोटं मी बोललो, आई. ती म्हणतेय ते खरं आहे. जिथे तिला आत पाठवतील, तिथे मीही येणार नाही."

सासूबाईंनी गॅस बारीक केला.

"भजी करपत नव्हती," त्या म्हणाल्या. "मीच तळत होते. मलाही आतच पाठवलं होतं. माझ्याच घरात."

"उद्या कोण तळणार आहे?" मी विचारलं.

त्यांनी मागे पातेल्यांकडे वळून पाहिलं. मग पदर खोचला. "वन्संना सांगते," त्या म्हणाल्या. वन्सं म्हणजे त्याच मोठ्या आत्या. "त्यांच्या हातची छान होतात. माझ्या लेकीची पहिली ओटी मी भरणार आहे. बघू कोण ताट काढून घेतंय."

नवऱ्याने खांद्यावरचा पडदा काढून बॅगेत टाकला.

"आणि तो फोन खिडकीकडे धर," सासूबाई म्हणाल्या. "मघापासून मागे काहीतरी पळतंय, मला दिसू दे."