मंगळवारचा प्रसाद

मैदानात माझी मुलगी आडवी पडली होती. डोळे पांढरे, ओठ निळे. आणि तिचा कोच तिच्या पायांतले बूट काढत होता. मला वाटलं, हवा लागावी म्हणून. त्याने बूट पिशवीत टाकले. क्लबचे होते. मग म्हणाला, "माताजी, इसको घर ले जाइए. धूप लग गई है."

मी तिला दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरने विचारलं, काय खाल्लं होतं? ती म्हणाली, "काही नाही. फक्त प्रसाद."

दर मंगळवारी सरावाआधी कोच मैदानातल्या हनुमानाची आरती करायचा आणि मुलींच्या हातावर चणे-गूळ ठेवायचा. स्पर्धा जवळ आली की चण्यांत एक पांढरी गोळी असायची. प्रसादात काय आहे असं कोणी विचारतं का? कॉलेजसाठी धावणारी, सायन्स शिकणारी माझी मुलगी, तिनेही नाही विचारलं. गोळी जोर चढवणारी होती. तिचं हृदय कायमचं बिघडलं. धावणं संपलं.

ती रडत बसली नाही. बसली असती तर मीच उठवली असती. तिने आरोग्य शिक्षणाचा कोर्स केला आणि शाळाशाळांतून नशेबद्दल, औषधांबद्दल बोलायची नोकरी धरली. घमापूरच्या शाळेत पोरं खिदळायची. "दीदी, आपने कौनसा माल लिया था?" ती सांगायची, "प्रसाद."

कोच मात्र त्याच मैदानात होता. नव्या मुली, तोच मंगळवार. मुलीने तिथे बोलायला परवानगी मागितली तर म्हणाला, "हारी हुई लड़की क्या सिखाएगी?"

"आई, राहू दे," मुलगी म्हणाली. "तक्रार दिली आहे. चौकशी होईल."

"काहून राहू दे? तोवर त्या पोरी काय खाऊन राहिल्या?"

स्पर्धेच्या आधीच्या मंगळवारी मी तिला घेऊन मैदानात गेले. आरतीला मुलींच्या आयाही आल्या होत्या. आरती झाली, त्याने वाटायला सुरुवात केली. मी पहिल्याच मुलीच्या हातावरचं सगळं उचललं आणि त्याच्या तोंडापुढे धरलं.

"सर, पहले आप लीजिए."

"अरे माताजी, ये बच्चों का है."

"हनुमानजी का है. मुँह खोलिए."

तो हसला. मी हात हलवला नाही. त्याने तोंड फिरवलं.

मागून एक बाई ओरडली, "अगं बाई, प्रसादाला नाही म्हणून राहिला हा!"

गोळीचं त्या बायकांना काही कळलं नसतं. हे कळलं. प्रत्येकीने आपापल्या पोरीची मूठ उघडून झाडली. एकीने त्याच्या कानाखाली वाजवली. दुसरी मी वाजवली, आणि ती जोरात बसली.

मग मुलीने तिथेच, हनुमानाच्या ओट्यावर बसून, आयांना ती गोळी काय करते ते समजावलं. ते मी ऐकलं नाही. मी त्याच्याकडे बघत होते.

त्याचं मैदान गेलं. आता तो ओमतीच्या बाजारात ताकदीच्या पावडरचे डबे विकतो. मुलीचं त्या भागात काम असलं की मी त्याच्या दुकानासमोर स्टूल टाकून बसते आणि येणाऱ्या प्रत्येक पोराला, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, सगळं सांगते.

मुलगी जगली. मीही आहे. तोही जिवंत आहे.