सुतकातलं हेल्मेट

माझे वडील, आबा, गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घराच्या पुढच्या सोप्यात हेल्मेट घालून बसले होते. कोल्हापुरात स्कूटरवर हेल्मेट घातलं तरी लोक “पावणं, पुण्याला निघालासा व्हय?” म्हणतात. घरात, तेही सुतकात, घातल्यावर काय म्हणावं ते कुणालाच सुचेना.

हेल्मेट आबांचं. दंड टाळायला आणलेलं आणि खुंटीवरच राहिलेलं. एका लग्नात बँडसमोर मी कान दाबून खाली बसले, तेव्हा त्यांनी ते माझ्या डोक्यात घातलं आणि सगळं जग शेजारच्या खोलीत गेलं. मी स्वमग्न आहे हे डॉक्टरांनी सांगितलं ते पुष्कळ नंतर, मी ग्रंथालयात नोकरीला लागल्यावर. आबांनी नातेवाइकांसाठी त्याचं सोपं करून ठेवलं होतं: “तुमच्या-आमच्या कानांस्नी झाकणं हायत. हिच्या न्हाईत. एवढंच.”

आमच्याकडे भेटायला येणारी बाई उंबऱ्यातूनच हंबरडा फोडते आणि घरातल्या बाईच्या गळ्यात पडते. आई माझ्या लहानपणीच गेलेली, त्यामुळे घरातली बाई मी एकटीच. एक मिठी सुटते न सुटते तोच पुढची बाई दारात चपला काढत असे. मला दुःख नव्हतं असं नाही. त्याला जागा मिळत नव्हती. सगळी ताकद नुसतं बसून राहण्यात जात होती.

शिरोळची आत्या शेवटी आली. उसाच्या फडात या टोकाहून त्या टोकाशी फोनशिवाय बोलणारी बाई. “दादा रं माझ्याऽ” करत तिनं झेप घेतली आणि तिचं कपाळ खाडकन हेल्मेटवर आपटलं.

“आगं आई गं! भाऊ गेला आन् पोरीनं टेंगूळ दिलं की!”

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच पदराआड रडू लागलं.

संध्याकाळी माझ्यावर बैठक बसली. उद्या तिसरा दिवस, घाटावर रक्षाविसर्जन. मला जायचं होतं. आबांना निरोप द्यायची तेवढीच वेळ उरली होती.

“डोळ्यातनं टिपूस काढंना झालीय,” काका म्हणाले. “तितं गर्दीत काय झालं म्हंजे? ऱ्हाऊ दे घरात.”

“आन् ही बादली घालून जानार?” आत्या म्हणाली. “लोक काय म्हनतील?”

“बादलीशिवाय मला जमणार नाही,” मी म्हणाले. “आणि मी येणार.”

आत्यानं टेंगूळ चोळत माझ्याकडं पाहिलं. “हट्ट बापाचाच हाय. चल. पर काच वर ठिव, तोंड तरी दिसू दे.”

घाटावर आबांच्या आवडीचं सगळं मांडलं: मटणाचं ताट, चहा, तंबाखूची पुडी. कावळा काही येईना. मग गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय ते ओळखून शब्द द्यायचा, ही रीत.

“दादा, पोरीची काळजी सोड! मी हाय!” काका ओरडले.

“दाजी, मी तिला चंदगडला नेतो!” मामा त्यांच्याही वर ओरडले. “आमच्या बागंतलं काजू खाऊन ऱ्हाईल की!”

मग सगळेच सुरू झाले. मरणानं आबांना ऐकू कमी येऊ लागलं असावं, असा आवाज. कावळे लांबच्या झाडावर गेले. मी काच खाली ओढली. दोन्ही हातांनी हेल्मेट कानांवर दाबून धरलं. आता मला इथून पळावं लागणार, असं वाटलं.

आत्याचं लक्ष माझ्या हातांकडं गेलं.

“ए! गप बसा की समदी! पोरीला सोसंना झालंय!”

शिरोळमधला सगळ्यात मोठा आवाज तो. सगळे गप्प झाले. नदीचं पाणी ऐकू येऊ लागलं. थोड्या वेळानं एक कावळा उतरला आणि तंबाखू ओलांडून थेट मटणाकडं गेला.

“बघितलंसा? मी हाय म्हनलं, तवा आला,” काका कुजबुजले.

“काजूनं आला,” मामा म्हणाले.

कावळ्याच्याही कानांना झाकणं नसावीत, असं मला वाटलं. त्या शांततेत माझ्या दुःखाला जागा मिळाली होती, आणि डोळे वाहू लागले होते. काच धुरकटली.

आत्या जवळ आली. मिठी मारली नाही. हातभर लांब उभी राहून पदरानं काच पुसू लागली. “किती धूळ ही,” म्हणाली.

वाफ आतून होती. आत्या बाहेरून पुसत राहिली, मी पुसू दिली.