खडूची खोली

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, औषधांचं दुकान आणि चष्म्यांचं दुकान यांच्या मध्ये, एक अरुंद गाळा आहे. बाहेर पाटी आहे ती युरोपच्या सहलींची. पण आत ना विमानांची चित्रं, ना उंच मनोऱ्यांची. आहे ती फक्त काळ्या फरशीची मोकळी जमीन, भिंतीशी ढकललेलं एक टेबल, आणि गुडघे टेकून त्या फरशीवर रेघा ओढणारी एक बाई. तिचं नाव पाटीवर बारीक अक्षरांत आहे, ते कोणी वाचत नाही. सगळे तिला खडूबाई म्हणतात, आणि तीही फोन उचलून "खडूबाई बोलतेय" असंच सांगते.

मी वरच्या मजल्यावर राहते. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा रंगभूमी सुटली आणि त्याच गुडघ्यांचं औषध आणायला मी एकदा खाली उतरले होते. काचेतून पाहिलं तर आत फरशीवर एक अख्खी खोली काढलेली. पलंग, कपाट, खिडकी, दार उघडलं की कुठवर येईल त्याची कमान. माझे पाय तिथेच थांबले. आमच्या तालमींना नेपथ्य कुठलं मिळायला? दिग्दर्शक असाच खडू घेऊन यायचा. इथे जिना, इथे देवडी, आणि भिंतीतून चाललीस तर बघ. पुढे खरं घर उभं राहायचं, रंगवलेलं, दिव्यांनी उजळलेलं; पण आम्हा नटांचा जीव त्या खडूच्या घरातच आधी जडलेला असायचा.

मी आत गेले, ती काढलेल्या दारातून. खडूबाईने मान वर केली. म्हणाली, "मावशी, दारातून आलेल्या तुम्ही पहिल्याच. बाकी सगळे भिंतीतून घुसतात."

त्या दिवसापासून माझी दुपार तिच्याकडे.

आधी ती पाळणाघर चालवायची. दर सुट्टीनंतर पोरांचे आईबाप तिच्यासमोर आंबलेल्या चेहऱ्याने उभे राहत. फिरायला म्हणून गेले होते आणि हमाली करून परतले होते. सहल कशी आखायची ते त्यांना सांगता सांगता तिचा हाच धंदा झाला. नवीन लग्न झालेली जोडपी येतात, लहान पोरं कडेवर घेतलेली कुटुंबं येतात. पॅरिसपासून रोमपर्यंतच्या गावांची माळ घेऊन येतात. ती सगळं ऐकून घेते आणि शांतपणे म्हणते, "यातली निम्मी गावं पुढच्या जन्मी." मग पदर खोचते, खडू घेते, आणि ज्या हॉटेलात ते राहणार तिथल्या खोलीचं जे माप आधीच मागवून घेतलेलं असतं, त्या मापाने खोली काढते. बाबागाडी आत आणा, म्हणते. बॅग इथे ठेवा. आता दार उघडून दाखवा. दार उघडत नाही. नवरा बायकोकडे बघतो, बायको बॅगेकडे.

तिचा एक प्रश्न ठरलेला. मूल झोपलं, दिवा मालवला, आता तुम्ही दोघं कुठे बसणार? एका प्रामाणिक गृहस्थाने सांगून टाकलं की गेल्या वर्षी ते दोघं न्हाणीघरात टबाच्या काठावर बसून अंधारात पाव खात होते. "तेच म्हणतेय मी," खडूबाई म्हणाली, आणि खोलीला एक गच्ची काढली.

मला तिने भूमिका वाटून दिल्या होत्या. मी तिकीट तपासनीस, मी हॉटेलातली किल्ल्या देणारी, मी शेजारच्या खोलीतली म्हातारी जी बाळ रडलं म्हणून भिंत ठोकते. या शेवटच्या भूमिकेत तर मी रंगायचे. पोरं खदखदून हसायची. सकाळी तिचा नवरा, निवृत्त पोस्टमन, ओल्या फडक्याने फरशी स्वच्छ करायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आम्ही रोज सकाळी युरोप पुसतो."

बाळाची कॉट मात्र ती फार जपून काढायची. गाळ्याचा आकारच असा की पलंग नेहमी त्याच भिंतीशी यायचा आणि कॉटही त्याच कोपऱ्यात. रात्री उठणारं माणूस ज्या कुशीला झोपतं, त्या बाजूला. मग त्या माणसाला ती खरोखर फरशीवर आडवं व्हायला लावायची. डोळे मिटा. हात लांब करा. डोळे न उघडता हात पोचला पाहिजे. बाहेर रस्त्यावरून जाणारे थबकून बघायचे, की भरदुपारी दुकानात हे कोण लोळतंय.

आमची लिफ्ट दुरुस्त करायला येणारा माणूस असाच बायको आणि आठ महिन्यांची मुलगी घेऊन आला. बोलका, खट्याळ. लिफ्ट बंद पडली की मला म्हणायचा, "आजी, तुमच्या नाटकात पडदा अडकायचा ना, तसंच हे." त्याच्या बायकोने तळ्याकाठचं एक छोटं गाव निवडलं होतं. कुठेही धावायचं नाही, तळ्याकडे बघत बसायचं. खोली काढून झाली. बायको हसत हसत आडवी झाली, डोळे मिटले, हात नेला. मुलगी तोवर कॉटच्या रेघांमध्ये बसली होती आणि लाळेने ओल्या झालेल्या तळव्यांनी एका बाजूची रेघ पुसत होती. मन लावून पुसत होती. बघता बघता तिने ती अख्खी बाजू नाहीशी केली आणि पांढरा तळवा आम्हाला दाखवला. लिफ्टवाला म्हणाला, "बघा, पळून जायची सोय आत्ताच केली."

तळ्याचं गाव राहिलं. सहलीच्या आधीच मुलगी गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला. मला हे कळलं ते लिफ्टमध्येच. तो खाली वाकून काम करत होता आणि मी नेहमीसारखी विचारून बसले, की आमची छोटी काय म्हणते. तो म्हणाला, "नाही," आणि स्क्रू पिळत राहिला. घट्ट बसला तरी पिळत राहिला.

वर्ष उलटून गेल्यावर त्याने खडूबाईला फोन केला. फोन झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. बायको भावाकडे कायमची राहायला जाते म्हणत होती. भांडण नव्हतं. घरात दोघांना बोलायलाच काही उरलं नव्हतं. मुलीचं नाव तो तिच्यासमोर काढत नव्हता. तिला त्रास होऊ नये म्हणून. आता कशीबशी ती एकदा कुठेतरी जाऊन यायला तयार झाली होती. परत आल्यावर ठरवू म्हणाली होती, पण आधी दुकानात येऊन बघू आणि नको वाटलं तर नको. त्याने बजावलं होतं: दोघंच आहोत, काही विचारू नका, जुनं काही काढू नका.

खडूबाईने सगळं बदललं. तळ्याऐवजी समुद्र, दुसरा देश, दुसऱ्या मापाची खोली. सकाळी नवऱ्याच्या हातातून फडकं घेऊन तिने स्वतः फरशी पुसली. मला ताकीद दिली की आज तुमची एकही भूमिका नाही, कोपऱ्यात गप्प बसायचं. मी म्हटलं, मुकी भूमिका सगळ्यात अवघड असते. ती हसली नाही.

दोघं आली. बायको बारीक झाली होती. बसा म्हटल्यावर खुर्चीच्या कडेला बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. लिफ्टवाला उभाच. खडूबाई गुडघ्यांवर बसून बोलू लागली, कारण गप्प राहिलं की खोलीत भलतंच काही शिरेल अशी तिला भीती असावी. समुद्र किती जवळ, सकाळी खिडकीतून ऊन कसं येतं, नाश्ता खोलीत मागवता येतो. तोंड त्यांच्याकडे, हात फरशीवर. पलंग काढला. खिडकी काढली. कपाट, दार, दाराची कमान. बोलत बोलत हात पलंगाच्या पलीकडे गेला आणि इतकी वर्षं जे करत आला होता ते त्याने केलं. चार रेघा, पलंगाला लागून, आईच्या कुशीच्या बाजूला.

मी पाहिलं. लिफ्टवाल्याने पाहिलं. खडूबाईने सगळ्यात शेवटी पाहिलं, आमचे चेहरे बघून.

तिच्या तोंडचं वाक्य तुटलं. शेजारी बादलीत फडकं होतं. तिने ते तसंच निथळतं उचललं आणि ती जागा पुसली, पुन्हा पुसली. फरशी काळी, चकचकीत झाली. रेघ म्हणून राहिली नाही. "चुकून," एवढंच ती म्हणाली. लिफ्टवाला घाईने म्हणाला की समुद्राचं छान आहे, तेच ठरवू. खडूबाईने पुन्हा नाश्त्यापासून सुरुवात केली.

वर पंखा फिरत होता.

खडूने लिहिलेल्या पाटीवर ओलं फडकं फिरवलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे. ओली असते तोवर पाटी स्वच्छ दिसते. वाळली की अक्षरं परत येतात. तसंच झालं. फरशी कडेने वाळू लागली आणि तिच्यातून पांढुरकी रेघ वर आली, धूसर, श्वास टाकल्यावर काचेवर उमटते तशी. एक बाजू आली. मग दुसरी. मग पलंगाकडची. खडूबाईचं बोलणं चालूच होतं, पण आता तिच्या शब्दांना अर्थ नव्हता. चौथ्या बाजूची आम्ही वाट बघत होतो. फरशी पूर्ण वाळली. चौथी बाजू आली नाही.

तिथे फडकं जास्त जोरात फिरलं असेल. मी स्वतःला तेच सांगितलं, आजही सांगते. पण ती बाजू तीच होती, छोटीने तळव्याने पुसलेली.

पर्स खाली पडली. ती उठली, खडूच्या दारातून आत गेली आणि पलंगावर आडवी झाली. डोळे मिटले. हात लांब केला. तळवा तीन रेघांच्या मध्ये फरशीवर टेकला आणि तिथेच राहिला.

"हात पोचतो," ती म्हणाली.

लिफ्टवाला भिंतीच्या बाहेर उभा होता. त्याने एक पाऊल टाकलं असतं तर आत येता आलं असतं, भिंत म्हणजे रेघच. पण तो हलला नाही. ती डोळे न उघडता खडूबाईला म्हणाली, "काकू, समुद्र नको. ते तळ्याचंच गाव द्या. तीच खोली. आणि हे असू दे."

तो म्हणाला, "अगं, पण दोघांसाठी कॉट कशाला..." आणि वाक्य अर्धंच टाकून रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

खडूबाईने तळ्याच्या गावी कळवलं. तिकडून उलट विचारणा आली, नेहमीची: बाळाचं वय काय? कॉटची गादी आणि पांघरूण वयाप्रमाणे देतात. ती दिवसभर त्या प्रश्नासमोर बसून राहिली. शेवटी तिने लिफ्टवाल्याच्या बायकोला फोन लावला आणि कसंबसं विचारलं. पलीकडून लगेच उत्तर आलं.

"आठ महिने."

खडूबाईने तेच लिहिलं.

ती दोघं गेली. ते दिवस आम्ही दोघींनी कसे काढले ते आम्हालाच माहीत. नाटक सुरू झाल्यावर विंगेत उभं राहून काही करता येत नाही, तसं. मला माझं गाठोडं आठवायचं. तरुणपणी मी कित्येक नाटकांत आई झाले आणि दर वेळी कडेवर बाळ म्हणजे जुन्या साड्यांचं एकच गाठोडं. प्रयोग संपला की सगळं सामान ट्रंकेत फेकायचं असे. मुकुट फेकले, तलवारी फेकल्या. ते गाठोडं मात्र कोणी कधी फेकलं नाही. आमच्यातली सगळ्यात तोंडाळ नटीसुद्धा ते दोन्ही हातांनी खाली ठेवायची आणि ठेवल्यावर क्षणभर हात काढायची नाही. हे मी खडूबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तिकडे त्या कॉटवर पांघरूण कोणी घातलं असेल हो?"

परत आल्यावर बायको एकटीच दुकानात आली. खडूबाईने खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. बोलली ती फरशीकडे बघत. हॉटेलातल्या बाईने कॉट तयार ठेवली होती, छोटा टॉवेल घडी करून. बाळ कुठे आहे असं तिने विचारलं नाही, देव तिचं भलं करो. पहिले दिवस दोघं तळ्याकडे बघत बसायची आणि तो हवापाण्याचं बोलायचा. ती रात्री जागी राहायची आणि तो पाठ करून झोपायचा. तिला वाटायचं, याला झोप लागते तरी कशी? भावाला फोन करायचं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

"मग एका रात्री मी हात नेला," ती म्हणाली, "तर आत आधीच एक हात होता."

खडूबाईच्या हातातला खडू मोडला.

"त्याचा," ती म्हणाली. "तो पलीकडे जमिनीवर बसला होता, कॉटच्या कठड्यातून हात घालून. म्हणाला, मी रोज असतो इथे. तू झोपलीस की येतो. मी म्हटलं, मी झोपलेच नव्हते रे कधी."

भावाकडे जाण्याचं ती काही बोलली नाही. बाहेर लिफ्टवाला उभा होता. त्याने काचेतून मला हात केला, आणि थोडं थांबून, लिफ्ट अडकल्याची खूण करून दाखवली. जाताना ती तीन रेघांना वळसा घालून गेली.

रेघा, हो. त्या अजून आहेत. त्या कोपऱ्यात इतकी वर्षं तीच कॉट काढली, खडू दगडात मुरला असेल, असं खडूबाईचा नवरा म्हणतो. पण हल्ली तो युरोप पुसण्याचा विनोद करत नाही. खडूबाईने टेबल दुसऱ्या भिंतीला नेलं, पलंगाची जागा फिरवली. नवी कुटुंबं येतात, पोरं हसतात, मी भिंत ठोकते.

सकाळी औषधाला उतरते तेव्हा खडूबाईचा नवरा नुकताच फरशी पुसून गेलेला असतो आणि तिचं दुकान बंद असतं. काचेपलीकडे फरशी ओली, काळीभोर. मला गोळ्या घ्यायच्या असतात, उभं राहवत नाही, तरी मी थांबते. पडदा वर जाईपर्यंत जागेवरून हलायचं नाही, ही जुनी सवय. फरशी कडेने वाळू लागते. एक बाजू येते. दुसरी येते. पलंगाकडची येते.

मग मी चौथ्या बाजूकडे बघत राहते.